यशकुमार नावाचा माझा दादा

मी शिकवते त्या पाथरीच्या शाळेतल्या फोनवर वहिनींचा आवाज आला, "ताई, हे गेले." परिपाठाची रांग उभी होती. मुलं बघत होती, म्हणून मी रडले नाही...

टीव्हीवरचे संगीतकार यशकुमार म्हणजे माझा थोरला भाऊ, यशवंत खिल्लारे. देवगाव फाट्यापासून आत आमचं गाव. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत आमचं घर जाळलं, वडिलांची आंबेडकरी जलशातली पेटीही त्यात गेली. त्यानंतर दादा मुंबईला गेला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या वाद्यवृंदात वाजवलं, मग एका निर्मात्यानं सिनेमा दिला. जाहिरातीत मात्र निर्मात्यानं आडनाव गाळलं, नुसतं 'यशकुमार' छापलं. "लोक नाव वाचून चाल ऐकतात," असं म्हणाला म्हणे. तेव्हापासून दादा यशकुमार झाला.

पुढं त्याच्या संगीताची मालिका टीव्हीवर लागली. रविवारी ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं सगळा गाव जमायचा. शीर्षकगीत सुरू झालं की आई ओट्याखालून, आमच्या वस्तीला बसवायचे तिथून, सांगायची, "ही चाल माझ्या लेकाची हाय." लोक हसायचे. एकजण म्हणाला, "म्हातारे, नाव वाच की. कुठं हाय खिल्लारे?" आईला वाचता येत नव्हतं.

पाथरीला माझ्याकडं दादा आला तेव्हा आईही गावाहून आली होती. तिनं विचारलं, "बाबा, आपलं नाव का येत न्हाई?"

"ते लावलं तर काम जाईल, आई."

तिनं परत कधी विचारलं नाही. ती टीव्ही बघायलाही गेली नाही.

नामांतर झालं त्या दिवशी पाथरीत पेढे वाटले. मी दादाला फोन केला, "आता तरी पुरं नाव लाव." तो म्हणाला, "लय उशीर झाला गं. समदे यशकुमारलाच ओळखायलेत. यशवंतला काम कोण देणार?" त्यानंतर काही महिन्यांतच त्याचं हृदय बंद पडलं.

मुंबईत शोकसभेत पुष्कळ मोठी माणसं बोलली. कुणाच्याही तोंडी आमचं गाव आलं नाही.

सभेनंतर घरी वहिनींनी मला त्याची रियाजाची खोली दाखवली. खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासून भरल्या होत्या.

"हे काय?"

"पहाटे बाबासाहेबांची गाणी म्हणायचे," त्या हळूच म्हणाल्या. "शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून..."

मी एकेक चिंधी ओढून काढली. मग दोन्ही हातांनी खिडकी ढकलली. वहिनींनीही जोर लावला. लाकूड फुगून चौकटीत रुतलं होतं. खिडकी काही उघडली नाही.