म्हातारीचा दिवा आणि शहाणा प्लग

“म्याडम, तुमचा प्लग घिऊन जा, आन् माझी नोकरी तेवढी मला ठिवा,” मारोतीमामा म्हणाले आणि त्यांनी जनरेटर रूमचे दार माझ्यासाठी अदबीने उघडून धरले.

हिंगोलीतले हे लहान मुलांचे खासगी रुग्णालय एका डॉक्टरबाईंचे. मामा तिथले रात्रपाळीचे जनरेटर ऑपरेटर. मूळचे साखरा गावचे, बारा वर्षे या एकाच इंजिनाच्या सेवेत. मी नांदेडच्या कंपनीची सर्व्हिस इंजिनिअर. डिसेंबर संपत आला होता. गेल्या दहा दिवसांत तीनदा पहाटे लाईट गेली आणि तिन्ही वेळा जनरेटर आपणहून सुरू झाला नाही. मामांनी धावपळ करून तो हाताने सुरू केला. नवजात बाळांना उबेत ठेवणारे वॉर्मर तेवढी मिनिटे बॅटरीवर चालले, म्हणून निभावले.

डॉक्टरबाईंचा निकाल तयार होता. “हा माणूस रात्री तुमचा हीटर काढतो आणि त्या सॉकेटला स्वतःची शेगडी लावून झोपतो. सोमवारपर्यंत दुसरं कारण सापडलं तर सांगा. नाहीतर मंगळवारी नवा माणूस येईल.”

तो गुरुवार होता.

आता थोडे यंत्राविषयी. डिझेल इंजिन थंडीत माणसासारखेच वागते. हाक मारली की पहिल्यांदा कूस बदलते. म्हणून रुग्णालयातल्या जनरेटरला हीटर बसवतात. बादलीत पाणी तापवायचा रॉड सर्वांनी पाहिलेला असतो. तसाच एक रॉड इंजिनाच्या आत फिरणाऱ्या पाण्यात असतो. तो इंजिनाला कोमट ठेवतो. लाईट गेली की जनरेटरचे कंट्रोल पॅनेल इंजिनाला तीनदा उठवून पाहते. तीनदा जमले नाही, तर लाल दिवा लावून हात वर करते. पुष्कळ सरकारी आणि खासगी माणसांपेक्षा ही दोन प्रयत्नांनी अधिक चिकाटी आहे.

पूर्वी हा हीटर बाराही महिने चालू असे. मे महिन्यात हिंगोलीत इंजिन तापवत बसणे म्हणजे उकळत्या चहाला गोधडी पांघरणे. म्हणून आमच्या कंपनीने परदेशातून एक प्लग आणला. दिसायला जाड, काळा, जरा गर्विष्ठ. त्याच्या पोटातच तापमानाचा सेन्सर. भोवतालची हवा पंधरा अंशांखाली गेली की तो हीटर चालू करणार, वीस अंशांवर गेली की बंद. चालू असला की त्याच्यावर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल दिवा उजळतो. दिवाळीनंतर मीच येऊन, नवे सॉकेट बसवून, हा प्लग तिथे लावला होता.

“थंडी तर हाय,” मामा म्हणाले. “पर तुमचा प्लग कामच करून नाही राहिला. तो यायच्या आधी म्हातारीनं एकदा बी तकलीफ दिली न्हाई.”

म्हातारी म्हणजे जनरेटर.

मी रीतसर तपासणी केली. बॅटरी उत्तम. डिझेल स्वच्छ. वायर घट्ट. मग लसींच्या फ्रीजमधून दोन आईस पॅक मागवले आणि प्लगला दोन्ही बाजूंनी लावून धरले. दहा मिनिटांत आतून ‘टक्’ असा आवाज आला, जीभ टाळूला लावून काढावा तसा. डाळिंबाचा दाणा उजळला. इंजिनाच्या पाण्याच्या रबरी नळीवर मी तळवा ठेवला. हळूहळू रबराला ऊब चढत गेली. प्लग निर्दोष होता.

“बघा मामा, चालतोय.”

“तुमच्यापुढं चालतो,” मामा म्हणाले. “समदेच चालतात म्याडम, साहेब आल्यावर.”

हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. ऐकायचे ते सोडून देण्याचा पगार मला मिळत नाही, तरी मी ते काम मन लावून करते. रिपोर्टवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून मी नांदेडची बस पकडली.

शुक्रवारी पहाटे लाईट गेली. म्हातारी उठली नाही.

दुपारी पुण्याहून आमच्या मॅनेजरांचा, कुलकर्णी साहेबांचा फोन आला. “ऑपरेटर एरर लिहा आणि कॉल क्लोज करा. प्रॉडक्ट युरोपात प्रूव्हन आहे.”

“सर, युरोपात मारोतीमामा नाहीत.”

“म्हणूनच तिथे प्रूव्हन आहे.”

‘ऑपरेटर एरर’ हे दोन शब्द टाइप करायला किती सोपे असतात! मी ते टाइपही केले. मग त्या दोन शब्दांखाली बारा वर्षे दबून जाताना दिसली आणि मी रिपोर्ट न पाठवता लॅपटॉप मिटला.

शनिवारी मला सेनगावला दुसरे काम होते. परतताना हिंगोलीत बस बदलायची होती आणि पुढच्या गाडीला तासभर अवकाश होता. स्टँडवर नुसते बसून थंडी खाण्यापेक्षा रुग्णालयात डोकवावे म्हणून निघाले. फोन केला नाही. त्यामागे काही चातुर्य नव्हते. फोनची बॅटरी संपली होती.

दिवेलागण झाली होती. जनरेटर रूमचे दार नुसते लोटलेले होते. मामा आत नव्हते. आत पाऊल टाकताच डिझेलचा तिखट दर्प आला, त्याखाली जुन्या रबराचा आंबूस वास आला आणि त्या दोहोंच्या मधून, जिथे तो असण्याचे काहीच कारण नव्हते तिथे, करडईच्या तेलाचा वास आला. तापलेल्या, वातीवर चढलेल्या करडईच्या तेलाचा. घराचा वास.

भिंतीवर लाकडी फळी होती. फळीवर दोन दिवे तेवत होते: एक मातीची पणती आणि दुसरी स्टीलची वाटी, जिच्यात करंगळीएवढी जाड वात होती. जनरेटरच्या जाळीवर कुंकू होते, सायलेन्सरवर झेंडूचे फूल. आणि फळीच्या बरोबर वर, जेमतेम वीतभर अंतरावर, आमचा परदेशी प्लग त्या दोन ज्योतींवर ओणवा होऊन शेकत बसला होता.

त्याच्यावरचा लाल दिवा विझलेला होता. मी त्याला हात लावला. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळासारखा लागला. मग इंजिनाला हात लावला. ते विहिरीच्या दगडासारखे गार होते.

एवढ्यात मामा चहाचा ग्लास घेऊन आले. मला पाहताच त्यांनी आधी दिव्यांकडे पाहिले, मग दाराकडे, मग चहाचा ग्लास माझ्यापुढे केला.

“हे काय, मामा?”

“दिवा हाय.”

“ते दिसतंय. दोन कशाला?”

“आधी एकच व्हता. म्हातारी रुसली, मंग दुसरा लावला. तिसऱ्या बारीला रुसली तवा वात जाड केली.”

“आणि काल?”

“काल बी रुसली. आज तिसरा लावणार व्हतो. काहून कोपली, कळंनाच.”

मी चहाचा एक घोट घेतला आणि जमेल तितक्या शांतपणे सांगितले, “मामा, या प्लगला फक्त ऊब कळते. तुमच्या दिव्याची ऊब लागली की त्याला वाटतं उन्हाळा आला. तो हीटर बंद करून टाकतो. तुम्ही रोज सांजेपासून पहाटेपर्यंत म्हातारीपुढे मे महिना लावून ठेवता.”

मामांनी प्लगला बोट लावून पाहिले.

“येवढा महागाचा प्लग, आन् त्याला दिवा आन् ऊन वळखू येईना? आमची शेळी बी वळखती.”

“दिवा आहे हे मला गुरुवारी का नाही सांगितलं?”

“कसं सांगावं? मागं फायरची तपासणी झाली, ते म्हणले, हितं दिवा दिसला की रूमला टाळं लावू. तवापासून कोणी येणार म्हणलं की म्या फळी रिकामी करतो, पुसतो, चकाचक. तुमी प्लग बसवायला आल्या त्या दिशी बी केली. गुरुवारी बी केली.”

दिवाळीनंतरचा तो दिवस मला आठवला. स्वच्छ पुसलेली फळी. पाने-पकडी ठेवायला सोयीची. मी स्वतःवर खूश होऊन सॉकेट नेमके तिच्या वरच्या बाजूला बसवले होते आणि ती फळी तिथे कशासाठी आहे, हे एका शब्दानेही विचारले नव्हते.

“मामा, चूक माझी आहे.”

“अर्धी माझी बी हाय,” मामा म्हणाले. “पर माझ्या अर्ध्यात माझी नोकरी जाती.”

ते खरे होते. शेगडीच्या आरोपातून ते सुटत होते आणि डिझेलच्या टाकीशेजारी ज्योत ठेवल्याच्या आरोपात अडकत होते. दुसरा आरोप अधिक गंभीर होता, आणि खराही. मीही दिवे आधी विझवले, मगच त्यांच्यासोबत डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेले.

मी सगळे सांगितले. फळीच्या वर मी बसवलेल्या सॉकेटपासून सुरुवात केली. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतले आणि चष्मा काढला. “डिझेलच्या खोलीत उघडा दिवा? मारोती, तुम्हाला अक्कल आहे का? एक ठिणगी पडली असती तर वरची बाळं?”

“चुकलं, बाई,” मामा म्हणाले. मान खाली होती, पण नजर खोलीत फिरत होती. ती एका कोपऱ्यात जाऊन थांबली. “पर बाई, तुमच्या गणपतीपुढं बी निरांजन हाय.”

“माझ्या केबिनमध्ये डिझेल नाही.”

“डिझेल न्हाई. ऑक्सिजनचं शिलिंडर हाय.”

आम्ही तिघांनी तिकडे पाहिले. गणपती प्रसन्न होता. निरांजन तेवत होते. त्याच्यापासून दोन हातांवर, जागा नाही म्हणून आणून ठेवलेला, ऑक्सिजनचा भरलेला जादा सिलिंडर उभा होता.

मग डॉक्टरबाई उठल्या, त्यांनी ते निरांजन स्वतःच्या हाताने शांत केले आणि म्हणाल्या, “दोन्ही दिवे उद्यापासून बाहेर, तुळशीपाशी. आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही.”

“म्हातारीला तिथून दिसंल ना?” मामांनी विचारले.

“खिडकी उघडी ठेवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी रुग्णालयाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून आम्ही सॉकेट समोरच्या भिंतीवर नेले. माझी बस गेली. त्यानंतरची बसही गेली.

सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंचा मेसेज आला: ‘पहाटे लाईट गेली. पहिल्या स्टार्टला सुरू. मारोती कामावर राहतील.’ त्याखाली मामांनी कुणाकडून तरी टाइप करून घेतलेला मेसेज होता: ‘म्हातारी खूश.’

रिपोर्टमध्ये मी लिहिले: सॉकेटची जागा चुकीची, उष्णतेच्या स्रोताजवळ, बसवणारी मी. कुलकर्णी साहेब वैतागले. “उष्णतेचा स्रोत म्हणजे काय? युरोपला काय कळवू?”

“दिवा म्हणून कळवा, सर.”

“कसला दिवा?”

“करडईच्या तेलाचा.”

त्यांनी काय कळवले ते मला माहीत नाही. पुढच्या लॉटच्या माहितीपत्रकात मात्र एक नवी ओळ होती: प्लगजवळ उघडी ज्योत ठेवू नये. आपल्यामुळे कुठल्या बर्फाळ गावातला एखादा मेकॅनिक ही ओळ वाचून बुचकळ्यात पडला असेल, या कल्पनेने मला अजून आनंद होतो.

महिनाभराने रीतसर कळवून व्हिजिटला गेले. रूम लखलखीत होती. समोरच्या भिंतीवर प्लग शांतपणे आपले काम करत होता. बाहेर तुळशीपाशी डॉक्टरबाईंचे निरांजन होते. मामांची पणती नव्हती.

“मामा, पणती कुठं आहे?”

“तुमी येणार म्हणून फळीवरून हलवली.”

“कुठं?”

मामांनी पॅनेलकडे बोट दाखवले. मी पॅनेलच्या मागे हात घातला. केबलांच्या जुडग्यात पणती नीट बसवलेली होती. विझवलेली होती, पण अजून गरम होती.

तेव्हापासून मी कुठल्याही साईटवर फोन करून जात नाही.