तमिळ गाण्यावरची लेझीम

हॉलंडमधल्या आमच्या फोरबर्गच्या मंडळात लेझीम मी बसवायचे. शाळेत असताना मी लेझीम खेळले होते, हे एकदा बोलून बसले, त्याची ही शिक्षा. त्या वर्षी हलगीची कॅसेट टेपरेकॉर्डरने गिळली आणि गणपती तोंडावर आले.

समोरच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याच्या ऑफिसातला एक तमिळ इंजिनियर एकटा राहायचा. मे महिन्यात त्याचे वडील गावी वारले. त्याचं रेसिडेन्स परमिट तेव्हा रिन्यूअलला अडकलेलं. देशाबाहेर गेला असता तर परत येण्याचे वांधे, म्हणून गेला नाही. थोरला असून अग्नी धाकट्याने दिला. आम्ही भेटायला गेलो तर त्यानेच चहा केला आणि ऑफिसातला प्रिंटर कसा बिघडलाय ते सांगत बसला. तो रडला नाही, आणि मला त्याचीच काळजी लागून राहिली. मग मी त्याला डबा द्यायला लागले. आमची आमटी गोड असते, एवढीच त्याची तक्रार.

कॅसेटचं कळल्यावर त्याने एक सीडी आणून दिली. इंग्रजांच्या काळातल्या कुठल्याशा खेड्यावरचा तमिळ सिनेमा, त्याची गाणी. "ढोल भरपूर आहेत," म्हणाला. शब्द आमच्यात कुणालाच कळत नव्हते, त्यामुळे निवड सोपी झाली. एका गाण्यात थेट हलगीसारखं कडकडणारं चामडं होतं, वर बायकांचा खडा आवाज. पाय आपोआप पडायचे. आम्ही त्यावर आख्खी लेझीम बसवली.

शनिवारी शाळेच्या जिममध्ये तालीम होती. तो सहज बघायला आला. गाणं सुरू झालं तसा खुर्चीवरून उठला. मला वाटलं, स्फुरण चढलं. मी त्याला रांगेत यायची खूण केली.

"सिनेमात हे गाणं गावच्या म्हाताऱ्याला स्मशानात नेताना आहे," तो म्हणाला. तो इंग्रजीत बोलायचा, आमच्यातल्या काकूंना फक्त मराठी. काकू मुलाकडे पुण्याहून आल्या होत्या. मधली भाषांतराची हमाली माझ्याकडे.

काकूंनी लेझीम खाली ठेवली. "गणपतीसमोर मर्तिकाचं? काहीतरीच काय!"

माझं डोकंच फिरलं. "मग दिलीस कशाला ही सीडी?"

"तुम्ही हेच निवडाल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या नंबरला लग्नाचं गाणं आहे." मग तो म्हणाला, "आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं की ढोल लावून नाचत नेतात. अप्पांनाही नेलं. सगळे नाचले. मी तेवढा नव्हतो."

प्रिंटरबद्दल बोलावं तसंच बोलला. मी काकूंना मराठीत सांगितलं.

"वय काय होतं?" काकूंनी विचारलं.

"ऐंशीच्या पुढे."

"सोनं झालं म्हणायचं." काकूंनी खाली ठेवलेल्या लेझमीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "गणपतीत हे वाजवायचं नाही म्हणजे नाही. पण आज कुठे गणपती बसलाय?" आणि वाकून त्यांनी लेझीम उचलली.

मी गाणं पहिल्यापासून लावलं. त्याने बूट काढले, मोजे काढले. लेझीम नको म्हणाला. हात वर करून, गुडघ्यात वाकून, तो त्याच्या गावच्या पद्धतीने नाचायला लागला. आम्ही आमच्या पद्धतीने खेळत राहिलो. अर्ध्या गाण्यातच तो रडायला लागला, पण पाय थांबले नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाला, "अजून एकदा." काकूंना दम लागला होता. तरी त्या पहिल्या ओळीतच उभ्या राहिल्या.

नंतर त्याने जिमच्या दारातूनच आईला फोन लावला. कॉलिंग कार्ड संपेपर्यंत बोलला. मला राहवेना, मी विचारलंच.

"अप्पांसाठी नाचलो, ते सांगितलं. तिला ऐकायचं होतं, बरोबर कोण कोण होतं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सगळं गाव."