आक्काचं रक्त

आमच्या घरात कुणीच कुणाला आई म्हणत नाही. माझ्या आईला, चंदनबालेला, मी काकू म्हणते. थोरल्या घरचा माझा चुलतभाऊ जिनेंद्रदादा तिला काकू म्हणायचा आणि मी बोलायला त्याच्याकडूनच शिकले. दादा स्वतःच्या आईला आक्का म्हणायचा, कारण काकू आपल्या या थोरल्या जावेला आक्का म्हणायची. माधवनगरात अशी घरं बरीच आहेत, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आक्का तोंडानं फटकळ. कौतुक करणं तिला जमलंच नाही. "बरं हाय" म्हणाली की समजायचं, फार आवडलंय. तिचे मालक, भाऊसोकाका, गेल्यावर दादा तेवढा तिचा. तो कराडला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा ही बाई तिथल्या मेसमध्ये जाऊन दोन घास खाऊन आली, आचाऱ्याला चार शब्द सुनावले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या एष्टीनं डबा सुरू केला. अडीच वर्षं, रोज. एकदा बिराप्पा कंडक्टर कराडला डबा उतरवायला विसरला आणि डबा सातारा बघून आला. पुढं पंधरा दिवस आमच्या स्टॉपवर त्या बिचाऱ्यानं गाडीतून तोंड बाहेर काढलं नाही.

शहाण्णव साली दादाच्या पायावर सूज आली. मिरजेला दाखवलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. घरातल्या कुणाची तरी एक बसवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या वडिलांना, दादासोंना, साखर. मी सतरा वर्षांची आणि कायद्याला अठरा लागतात. काकू पुढं व्हायला लागली, तर आक्कानं तिला तिथंच अडवलं. "तू गप बस. आदी माझं बघू द्या."

आक्काचं आणि दादाचं रक्त मुंबईला गेलं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी आम्हां सगळ्यांना आत बोलावलं. डीएनएची तपासणी म्हणजे काय, ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. मग म्हणाले, "आईचं निम्मं तरी मुलाशी जुळतंच. इथं तेवढंही जुळत नाही. मुलगा दत्तक आहे का?"

काकूला रडू फुटलं आणि त्या रडण्यातच सगळं बाहेर आलं. आक्काला पंधरा वर्षं मूल नव्हतं. काकूला दिवस गेले तेव्हा दोघी कवठे महांकाळला काकूच्या माहेरी जाऊन राहिल्या आणि परत आल्या तेव्हा बाळ आक्काच्या ओटीत होतं. त्या दोघी आणि त्यांचे नवरे सोडले तर इथं कुणाला पत्ता नव्हता. चुलत म्हणून ज्याच्याशी मी भांडत वाढले, तो माझा सख्खा भाऊ निघाला.

दादा एवढंच म्हणाला, "मला सांगायचं तरी." आणि त्यानंतर तो आक्काशी बोलायचाच बंद झाला. ती भाकरी घेऊन दवाखान्यात जायची, तो भिंतीकडं तोंड करून पडायचा.

मी मात्र चिडले होते. तीन आठवडे फुकट गेले होते. घरी आल्यावर मी तिला धरलंच. "तुला माहीत होतं ना तू त्याला जन्म दिलेला नाहीस? मग तपासायला गेलीसच कशाला?"

आक्का भांडी लावत होती. हातातलं ताट तसंच धरून म्हणाली, "रक्त कशाचं हुतं गं? अन्नाचंच न्हवं? ईस वरसं माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. मला वाटलं, आता झालं आसंल माझ्यासारखं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिला मिठी मारून रडले. ती म्हणाली, "सोड, ताट पडंल."

काकूची तपासणी झाली आणि जुळली. ऑपरेशन नीट पार पडलं, दादा आता पुण्यात नोकरी करतो. हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आधीच्या एका सकाळचं.

कागदपत्रं भरायला दादाला घेऊन आम्ही दवाखान्याच्या ऑफिसात बसलो होतो. काकू म्हणून किडनी दिली तर सरकारी परवानगी लागणार होती आणि त्यात कितीही महिने गेले असते. आई म्हणून दिली तर डीएनएचा रिपोर्ट जोडला की काम झालं. काकूनं पेन हातात घेतलं आणि आक्काकडं बघत बसली.

"लिव की," आक्का म्हणाली. "खोटं कुठं हाय?"

काकूनं नात्यापुढं 'आई' लिहिलं.

मग कारकुनानं दादाचा फॉर्म पुढं ओढला. तो दादानं आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. आईच्या नावापुढं त्यानं आक्काचं नाव लिहिलं होतं. महिनाभर तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि तिथं तिचंच नाव होतं.

"हे चालणार नाही," कारकून म्हणाला. "दोन कागदांवर दोन आया. वरून परत येईल. यातलं एक खोडा."

"मी न्हाई खोडणार," दादा म्हणाला.

"आक्का, मी माझं खोडते," काकू म्हणाली. "परवानगीचं बघू."

आक्कानं मला विचारलं, "माझं नाव कुठल्या वळीत हाय?" तिला वाचायला फारसं येत नव्हतं. मी बोट ठेवलं. ठेवायला नको होतं, असं आजही वाटतं. तिनं काकूच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या नावावरून एक रेघ मारली. मग कुणी परत आणायला नको म्हणून आणखी एक मारली.

"हे काय केलंस, आक्का?" दादाचा आवाज फुटला. महिनाभरात तिच्याशी बोललेलं ते त्याचं पहिलं वाक्य.

"तू आदी जग," आक्का म्हणाली. "मग तुला काय पायजे ते लिव."

दादानं तिथंच, खुर्चीतून वाकून, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. कारकुनानं दोनदा "पुढचे" म्हटलं, पण आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही.