चातुर्मासात सोडलेली गोळी

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. ब्युरेटमधलं द्रावण सोडताना रंग पालटायची वेळ जवळ आली की थेंब थेंब सोडायचं, घाई केली तर सगळा प्रयोग पुन्हा मांडावा लागतो, हे मी पोरींना बावीस वर्षं सांगत आले. स्वतःच्या बाबतीत विसरले.

नवरा फौजेतून निवृत्त झाला आणि दोन वर्षांत गेला. मग मला नैराश्य आलं. सांगलीतल्याच डॉक्टरबाईंनी गोळी सुरू केली. त्या गोळीने मला उभं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सहा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, मी कामावर ठणठणीत होते. रोज सकाळी गोळी घेताना वाटायचं, आता हिची गरज आहे का?

हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. मी विचारलं कोरेगावच्या धाकट्या जावेला.

"अक्का, सवय लागलीय तुमाला, दुसरं काय न्हाई," ती म्हणाली. "मी न्हाई का चातुर्मासात वांगं सोडत? औंदा तुमी गोळी सोडा. मन घट्ट केलं की सुटतंय."

मला ते पटलं. चातुर्मास लागला त्या दिवशी मी गोळ्यांची पाकिटं कपाटात वर टाकली.

चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. दहाव्या दिवशी भांडी घासता घासता रडू फुटलं. कारण काहीच नव्हतं. दुखणं परत आलं असं धरून चालले. जावेला फोन केला.

"मन कच्चं हाय तुमचं, अक्का."

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. तिनेही केला नाही. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतंच.

शेवटी डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या माझ्याहून लहान आहेत. ओरडल्या नाहीत. "हे बहुधा दुखणं नाही. गोळी एकदम तुटली, त्याचा हा त्रास आहे. कमी करू की. पण सावकाश, आणि दोघींनी मिळून."

गोळी पूर्ववत सुरू केली. आठवड्यात डोकं जागेवर आलं. दिवाळीनंतर त्यांनी थोडी कमी ताकदीची गोळी लिहून दिली आणि एक वही ठेवायला सांगितली. झोप किती, जेवण काय, चालणं किती, आज कोणाशी बोललात. पहिले तीन रकाने मी बिनचूक भरले. चौथ्यात रोज 'दूधवाला' लिहिलं. कॉलेज त्यात धरायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

उन्हाळ्यापर्यंत गोळी निम्म्यावर आली. मी पुढच्या पायरीची वाट बघत होते. त्यांनी वही चाळली.

"झोप छान आहे. पण आता इथेच थांबू."

"का? मला काही त्रास नाही."

"नाहीच. पण उद्या त्रास झाला तर पहिल्यांदा कोणाला कळेल? दूधवाल्याला?"

मला राग आला. घरी येऊन वही उघडली. कितीही पानं मागे गेलं तरी दूधवालाच.

पुढच्या रविवारी कोरेगावची एसटी धरली. जाऊ दारातच होती. मला बघून गडबडली, मग म्हणाली, "या. लय वाळलाय." जेवायला भरली वांगी होती.

"सुटलं नाही का गं वांगं?" मी विचारलं.

"कुठलं सुटतंय? चार महिनं झालं की पयलं वांगंच शिजवती मी." मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "मी तुमाला उगंच बोलले तवा. मला काय कळतंय त्यातलं."

"मलाही कळत नव्हतं," मी म्हटलं.

गोळी अजून निम्मीच आहे, हे मी तिला सांगितलं. कधी चेहरा वेगळा दिसला, आवाज वेगळा लागला तर मला स्पष्ट सांग, असंही सांगितलं. तिने मान हलवली आणि आणखी एक वांगं वाढलं.

संध्याकाळी कुलूप काढून घरात आले. दिवा लावला, वही काढली, चौथ्या रकान्यात 'जाऊ' लिहिलं.

सोमवारी दूधवाला.