मांजराच्या पोस्टरची पाठ

पेंटरचे डोळे अधू झाले, तरी हात ओळखायची खोड काही गेली नाही. रस्त्याने जाताना दुकानाच्या पाटीपाशी थबकून तो सांगायचा, हा गडी घाईत होता, ह्याने ब्रश दुसऱ्याचा मागून आणला होता, आणि ही खालची ओळ भलत्याच कुणीतरी रंगवलीय. बायको पिशवी ओढत म्हणायची, "भाजी आणायला निघालोय आपण. पंचनामा करायला नाही."

पंचनामा हा शब्द तिने सहज वापरलेला असायचा. पेंटर मात्र तो ऐकला की पाटी सोडून पुढे चालू लागायचा.

त्याची ही खोड कुणीतरी ग्रंथालयातल्या बाईंच्या कानावर घातली. पोलिसांच्या जुन्या कोठारातून त्यांच्याकडे तीनशेवर पोस्टरं आली होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लांब केसांच्या पोरापोरींनी भिंतींवर डकवलेली. फौजेच्या विरुद्ध, साहेबांच्या विरुद्ध आणि एकंदरीत सकाळी लवकर उठण्याच्या विरुद्ध. एकात सेनापतीच्या डोक्यावर शिरस्त्राणाऐवजी पातेलं होतं. धरपकडीच्या भीतीने खाली नाव कुणीच घातलेलं नव्हतं. बाईंना ती नावं हवी होती.

"उभ्या जन्मात कुणी तुम्हाला तज्ज्ञ म्हटलं नाही," बायको इस्त्रीचा सदरा पुढे करत म्हणाली. "जा, मिरवून या."

तीन दिवस तो मिरवला. बाई लोखंडी खणांतून एकेक कागद काढून टेबलावर पसरायच्या, पेंटर हात मागे बांधून वाकायचा. "ही कॉलेजातली मुलगी, ब्रश फार दाबते. हा छापखान्यातला, ह्याला कडा सरळ लागतात." बाई लिहून घेत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक निळं पोस्टर पसरलं. मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसलेलं मांजर, आणि खाली ओळ: 'साहेबांच्या जागी हे बसवा, काम तेवढंच होईल.'

पेंटर सरळ झाला. "हा नाही ओळखू येत."

"अहो काका, एवढं झकास मांजर आणि हेच नाही?"

"असेल कुणीतरी हौशी," तो म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या कानशिलांना चटका बसला. हाच शब्द तेव्हा चौकीतल्या अधिकाऱ्याने वापरला होता.

मांजर डावऱ्याचं होतं. डावऱ्या म्हणजे त्याचा भागीदार. एक दुकान, दोन स्टुलं, एक शिडी, सोळा वर्षं. दिवसा दोघे मिळून औषधांच्या न् चपलांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बाकीच्या वेळात डावऱ्या काय रंगवतो, ते पेंटरने विचारलं नव्हतं आणि त्याला ठाऊक होतं.

मग एके दिवशी चौकीवरून बोलावणं आलं. मारलं नाही, दमसुद्धा दिला नाही. खुर्ची दिली, चहा दिला. अधिकाऱ्याने हेच पोस्टर पुढे ठेवलं आणि जांभई देत म्हणाला, "पोराटोरांचं काम आहे. कुणीतरी हौशी."

"हौशी?" पेंटरला राहवलं नाही. "साहेब, शेपटी बघा. उजवीकडून डावीकडे एका दमात ओढलीय. डावखुऱ्याचा हात आहे, वीस वर्षं मुरलेला. असा हात गावात एकच."

"अस्सं," अधिकारी म्हणाला, आणि पेन पुढे केलं.

सही करताना आपल्याला कळलं होतं का, हे पेंटर पुढे जन्मभर स्वतःला विचारत राहिला. उत्तर त्याला माहीत होतं.

डावऱ्या दोन वर्षं आत होता. बाहेर आला, पण ब्रशला शिवला नाही. एका गोदामावर रखवालदार म्हणून बसला. कधी दुकानात आला की जुन्या स्टुलावर टेकून म्हणायचा, "खळीची बादली नेताना कुणीतरी बघितलं असणार मला."

"असेल कुणीतरी," पेंटर म्हणायचा, आणि ब्रश धुवायला मोरीकडे जायचा. डावऱ्याला जाऊन आता आठ वर्षं झाली होती.

"राहू दे काका," बाई निळं पोस्टर अलगद सरकवत म्हणाल्या. "उद्या पाठींचे फोटो काढणार आहोत. पोलिसांनी काहींच्या मागे चिठ्ठ्या डकवल्यात, त्यात कदाचित नाव निघेल."

पाठीचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाटी रंगवणाऱ्या माणसाला पाठ म्हणजे भिंतीला लागते ती बाजू.

दुसऱ्या दिवशी बाई पर्स अडकवताहेत तोवर पेंटर दारात उभा. "ते मांजर उलटं करा," तो म्हणाला. "माझ्यासमोर करा."

पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर कारकुनी अक्षरात डावऱ्याचं नाव होतं. 'ओळख पटवणारा' असं लिहून त्यापुढे पेंटरची सही. साधी नव्हे. मोठ्या पाट्यांच्या कोपऱ्यात तो करायचा तशी, खाली वेलांटीदार फटकारा मारलेली. चहा पिऊन, झोकात.

बाईंनी पोस्टर पुन्हा सुलटं केलं. मग म्हणाल्या, "प्रदर्शनात पाठ दिसत नाही, काका. पण पुढे त्यांचं नाव लावायचं तर घरच्यांची संमती लागते. मी संमतीचा कागद टपालाने पाठवू का?"

"नको," पेंटर म्हणाला. "द्या माझ्याकडे. आणि ह्या चिठ्ठीचीही एक प्रत द्या."

डावऱ्याच्या बायकोने दार उघडलं. "या भाऊजी, आज इकडे कसे?" आत जाऊन त्याने दोन्ही कागद टेबलावर ठेवले. काय बोलायचं ते त्याने वाटेत चारदा घोकलं होतं. त्यातलं "वहिनी" एवढंच बाहेर आलं.

तिने चष्मा लावला. आधी संमतीचा कागद वाचला, मग चिठ्ठी. चिठ्ठी खिडकीच्या उजेडात नेऊन परत वाचली. पेंटर आपल्या नखांकडे बघत बसला. नखांत रंग राहिलेला नाही, हे त्याला तेव्हा दिसलं.

"सही मात्र छान केलीत, भाऊजी," ती म्हणाली.

मग तिने संमतीचा कागद पुढे ओढला आणि ज्या जागी बाईंनी पेन्सिलने फुली केली होती तिथे, वेळ लावून, आपलं नाव लिहिलं. कागद त्याच्या हातात दिला. चिठ्ठीची प्रत घडी करून स्वतःकडे ठेवली.

त्या घरात तो एवढी वर्षं जात होता. चहा विचारला नाही, असं पहिल्यांदाच झालं. पेंटर थोडा वेळ बसून राहिला, आणि मग उठला.