खुंटी आणि जवळचा खांब

मैदानावरची माणसं तिला खुंटी म्हणत. एक तर उंची बेताची, आणि दुसरं म्हणजे ती एकदा आपल्या जागी उभी राहिली की समोरच्या फॉरवर्डने आकाशपाताळ एक केलं तरी हलायची नाही. सोळा वर्षं ती व्यावसायिक फुटबॉल खेळली, सोळाही वर्षं बचावात, आणि तेवढ्या काळात तिने गोल केले दोन. त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात. तो किस्सा ती स्वतः हसत हसत सांगायची, पण दुसऱ्या कोणी सांगितला तर तिचं नाक फुगायचं.

सुरुवात शाळेच्या मैदानावर झाली. मुलांना अकरावा भिडू मिळेना म्हणून त्यांनी हिला मागे उभं केलं, वर "फक्त उभी राहा, मध्येमध्ये करू नकोस" असं बजावलंही. ती उभी राहिली, आणि त्या दिवशी तिच्या बाजूने एकही चेंडू पुढे गेला नाही. दुसऱ्या दिवशी बोलवायला तीच मुलं दारात हजर. तिची आई इस्पितळात नर्स होती. मुलीच्या गुडघ्यांचे टाके ती घरीच काढायची, तोंडाचा पट्टा चालू ठेवून काढायची, पण खेळू नकोस असं तिने एकदाही म्हटलं नाही. सामना बघायला मात्र कधी आली नाही. "तुला कोणी पाडलं तर मी उठून आत येईन, आणि मग शोभा होईल," असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं, बाई तशीच होती.

क्लबात आल्यावर पाचव्या वर्षी तिची गाठ शिडीशी पडली. शिडी म्हणजे त्यांची नवी गोलकीपर. हात एवढे लांब की बसमध्ये सीटवरून न उठता वरच्या फळीवरची बॅग खाली घ्यायची. तेव्हा बायकांच्या संघाला कपडे बदलायला जुन्या खुर्च्या रचून ठेवायची खोली मिळायची, आणि गंमत म्हणजे त्यातली एकही खुर्ची बसण्यालायक नव्हती. दोघी एकाच पालथ्या बादलीवर आळीपाळीने बसून बूट चढवायच्या. बादलीवर आधी कोण बसणार यावरून जे भांडण पहिल्या दिवशी झालं, ते पुढे अकरा वर्षं चालू राहिलं, आणि त्यातच मैत्री कधी मुरली ते दोघींनाही कळलं नाही.

त्यांच्या संघात एक रीत होती. गोल खाल्ला की जवळच्या बचावपटूने हात वर करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "माझी चूक!" चूक कोणाची का असेना. ही रीत घातली जुन्या कोचसरांनी. कीपरचं मन एकदा खचलं की पाठोपाठ दुसरा गोल बसतो, म्हणून सामना संपेपर्यंत तिच्या चुकीवर पांघरूण घालायचं, आणि सोमवारी सरावाला सर कीपरला बाजूला घेऊन खरं काय ते सांगायचे. पण शिडी यायच्या आधीच सर गेले दुसऱ्या क्लबात. हात वर करणं चालू राहिलं, सोमवारचं बोलणं मात्र त्यांच्याबरोबर गेलं. ते पुन्हा सुरू करावं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. शिडीकडून काही सुटलं की खुंटीचा हात आपोआप वर जायचा. वर्तमानपत्रवाले लिहायचे, बचावात ढिलाई. आई ते वाचून पेपर आपटायची आणि खुंटी म्हणायची, "जाऊ दे गं, ती आमच्यातली गोष्ट आहे."

दुसऱ्या ऑपरेशननंतर गुडघ्याने हात टेकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिने चढायचे असतील तर खेळ सोडा." खुंटी महिनाभर घरात अशी वावरली की आईने तिला भाजी चिरायलाही दिली नाही, सुरीची भीती वाटून. मग एका क्रीडावाहिनीचा फोन आला. बायकांच्या लीगचे सामने ते दाखवणार होते, आणि खेळातलं उलगडून सांगणारी, स्वतः खेळलेली बाई त्यांना हवी होती. पाच सामने बघू, जमलं तर पूर्ण हंगाम तुमचा, असं ठरलं.

पहिल्या सामन्यात तिने पराक्रम केला. मैदानाच्या वर, काचेमागच्या खोलीत माईकसमोर बसून पंधरा मिनिटं छान गोड बोलली. मग पाहुण्यांची विंगर मोकळी सुटली, आणि खुंटी खुर्चीतून उठून माईकमध्ये ओरडली, "मागे! अगं मागे बघ! बावळट!" ध्वनीवाल्याने कानांवरचे हेडफोन उपटून टाकले. शेजारी बसलेले म्हातारे समालोचक, ज्यांना सगळे दादा म्हणत, शांतपणे म्हणाले, "प्रेक्षकहो, आमच्या मॅडमना वाटतंय की काच उघडी आहे." लोक घरोघरी हसले. दुसऱ्या सामन्यात तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण तिच्या तोंडाचा संबंध हातांशी होता हे तिच्या लक्षात आलं होतं. तो सामना बरा गेला. आई टीव्हीसमोर बसली होती, आयुष्यातला पहिला पूर्ण सामना बघत. "निदान इथे तुला कोणी लाथ मारत नाही," ती म्हणाली, आणि खुंटीला तेवढ्यावरही भरून आलं.

तिसरा सामना होता तिच्याच जुन्या संघाचा. गोलमध्ये शिडी. वय तेहतीस, आणि राष्ट्रीय संघाची निवड महिन्यावर आलेली. ही शेवटची संधी हे सगळ्यांना ठाऊक होतं. विसाव्या मिनिटाला डावीकडून फटका आला आणि शिडी आणि जवळचा, म्हणजे फटका आला त्याच बाजूचा, खांब यांच्या मधून आत गेला. पडद्यावर गोल पुन्हा दाखवू लागले. दादांनी विचारलं, "काय चुकलं इथे?"

खुंटीला दिसलं होतं काय चुकलं ते. पण सोळा वर्षांची सवय जिभेवर आधी आली. "स्टॉपरने जागा सोडली," ती म्हणाली. "चूक तिची."

ती स्टॉपर, म्हणजे मधली बचावपटू, एकोणीस वर्षांची पोर होती, खुंटीच्याच जागी घेतलेली. तिने काही सोडलं नव्हतं. पण टीव्हीवर खुंटीने म्हटलं म्हटल्यावर सगळ्यांनी ते उचललं, लोकांनी पोरीवर नाही नाही ते लिहिलं, आणि चौथ्या सामन्यात कोचने तिला बाकावर बसवलं. खुंटी वरच्या खोलीतून बघत होती. पोरगी डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. सबंध नव्वद मिनिटं तिने तो काढला नाही. आपल्या अंगावर दोष घेणं खुंटीला सोपं होतं. पण आता ती मैदानावर नव्हती, आणि तिने वर केलेला हात दुसऱ्याच कोणाचा होता. तिला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली.

प्रोड्यूसरबाईंनी त्या दिवशी दार लावून घेतलं. "मॅडम, तुम्ही मैत्रिणीला पाठीशी घातलंत. मला कळतं, तर बघणाऱ्यांनाही कळतं. पाचवा सामनाही त्यांचाच आहे."

घरी बसून खुंटीने त्या हंगामातले शिडीने खाल्लेले सगळे गोल काढून बघितले. सात गोल एकाच जागी. शिडी फटका यायच्या आधी डावं पाऊल अर्धं आत टाकायची, चेंडू पलीकडे जाईल असं धरून. तेवढ्यात जवळचा खांब उघडा पडायचा. ही खोड जुनीच होती, खुंटीच्या ओळखीची. मग आधी तिथून गोल का होत नव्हते? खुंटीने मागच्या वर्षीचे सामने लावले, आणि तिला स्वतःचीच पाठ दिसली. प्रत्येक वेळी ती एक पाऊल डावीकडे सरकून नेमकी तीच फट बुजवत उभी होती. तिने ते कधी ठरवून केलं नव्हतं. शिडी उघडी पडते हे शरीराला कळलं आणि शरीर सरकलं, बस्स.

"काय बोलणार आहेस उद्या?" आईने विचारलं.

"खरं बोलले तर ती निवडीतून जाईल, आई. आणि माझ्याशी बोलायची नाही."

"आणि ती टॉवेलवाली?"

खुंटीने तिसऱ्या सामन्यातला गोल पुन्हा लावला.

पाचव्या सामन्यात एकसष्टाव्या मिनिटाला तिथूनच गोल झाला. दादांनी विचारलं. खुंटी सावकाश बोलू लागली. "चूक कीपरची आहे. तिचं डावं पाऊल बघा. फटक्याआधीच आत पडतंय. हा आठवा गोल असा. आणि तिसऱ्या सामन्यात मी स्टॉपरवर ढकललं ते खोटं होतं. त्या मुलीची काहीही चूक नव्हती. मला दिसलं होतं, तरी मी तसं बोलले." दादांनी, ज्यांना कधी शब्द कमी पडत नसत, नुसता पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

सामना संपल्यावर प्रोड्यूसरबाई म्हणाल्या, हंगाम तुमचा. खुंटीने मान डोलावली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शिडी फोन उचलेना. चार दिवसांनी निवडीची यादी लागली. तीत शिडी नव्हती. त्याच दुपारी खुंटी तिच्या घरी गेली.

दार शिडीच्या सासूबाईंनी उघडलं, खुंटीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "आत आहे" एवढंच म्हणाल्या. शिडी पॅसेजमध्ये जमिनीवर बसून बूट पुसत होती.

"शिव्या घाल," खुंटी म्हणाली. "मी त्यासाठीच आलेय."

"घालणारच आहे." शिडीने बूट खाली ठेवला. "तू म्हणालीस ते मी घरी लावून बघितलं. वीस वेळा बघितलं. डावं पाऊल. मला माहीतच नव्हतं गं. तुला कधीपासून माहीत होतं?"

"तसं... पहिल्या वर्षापासून."

"अकरा वर्षं!" शिडीचा आवाज चिरकला. "अकरा वर्षं माझ्यापुढे उभी होतीस. टीव्हीवर सगळ्या जगाला सांगितलंस त्याचा मला राग नाही. मला एकदा सांगायचं होतंस. बादलीवर बसल्या बसल्या सांगायचं होतंस. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, सुधारले असते की!"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू द्यायचं होतंस! माझी चूकसुद्धा तू मला मिळू दिली नाहीस."

खुंटी तिथेच जमिनीवर बसली आणि तिला रडू फुटलं. मग शिडीने लांब हात पुढे केला आणि खुंटीला दंडाला धरून उभं केलं, स्वतःही उठली.

"रडून झालं की सांग. लीगचे चार सामने उरलेत माझे. चार तर चार. निदान ते तरी मला नीट खेळू दे."

बैठकीच्या दाराची चौकट हा जवळचा खांब असं ठरलं. सासूबाईंनी न सांगता फुलदाणी उचलून आत नेली. खुंटीने पॅसेजच्या टोकाला चेंडू ठेवला, दुखऱ्या गुडघ्याने दोन पावलं मागे गेली आणि हलकाच मारला. शिडीचं डावं पाऊल आत पडलं. चेंडू चौकटीला लागून बैठकीत गेला.

शिडी वळून तिच्याकडे बघत उभी राहिली.

"तुझी चूक," खुंटी म्हणाली.

"हं," शिडी म्हणाली, आणि चेंडू आणायला गेली.