ताईंच्या गोळ्या

सासू नाही म्हणून लग्नाच्या वेळी मी खूश होते. आमच्या ताईंनी ती उणीव कधी भासू दिली नाही. ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा शिलाई मशीन चालवून त्यांनीच ह्यांना वाढवलं. पुढे संधिवातानं बोटं धरली, तरी गोळ्या घेऊन शिवणं चालूच. अंगात लोकांचं दुखणं आपलंच समजायची खोड. वैताग येतो अशा माणसाचा, आणि त्यांच्यावाचून चालतही नाही.

गोदामात लोखंडी पाइपांची चळत घसरून ह्यांच्या पायावर आली. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. बाहेरून सळ्या लावून हाड जुळवलं, पण जखम उघडीच ठेवली. आत जंतू उरले नाहीत असं दिसलं की मांडीची कातडी वर लावू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यासाठी रक्ताची तपासणी, सीआरपी. अंगातला दाह उतरला की तिचा आकडा उतरतो, आत पू धरला की चढतो. आणि पू हाडात मुरला तर पाय काढावा लागेल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

झालं, आमचा जीव त्या आकड्याला टांगला. चहा झाला का विचारायच्या आधी ‘किती आला?’ आकडा मात्र हलायला तयार नाही. ताई रोज डबा घेऊन यायच्या, रिपोर्ट उलटसुलट करून बघायच्या आणि भावाच्या उशाशी बसायच्या.

मग एकदाचा आकडा उतरला, आणि उतरतच गेला. तापही गेला. मलमपट्टी करणारी सिस्टर म्हणत होती, जखमेच्या कडा मला बऱ्या दिसत नाहीत. पण उतरत्या आकड्यापुढे तिचं कोण ऐकतो? कातडी लावायचा दिवससुद्धा ठरला.

त्याच्या आदल्या दुपारी ताईंना डब्याचं झाकण उघडेना. बघते तर बोटांचे सांधे टम्म सुजलेले, लाल. मी म्हटलं, गोळ्या घेत नाही का? त्या खिडकीकडे बघायला लागल्या. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलल्या.

“माझ्या रिपोर्टातही हेच सीआरपी असतं गं. माझा आकडा ह्याच गोळ्यांनी उतरला होता. म्हणून त्याला दिल्या. माझं काय, मी सोसते.”

आणि ह्यांनी त्या गिळल्या. कसल्या, कशाच्या, एका शब्दानं विचारलं नाही. ताईंच्या हातून येईल ते तोंडात टाकायचं, लहानपणापासूनची सवय.

मी धावतच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. ताईंच्या सांध्यांत शरीर स्वतःशीच भांडतं, ते भांडण त्या मिटवतात. ह्यांच्या पायात शरीर जंतूंशी लढत होतं. गोळ्यांनी ती लढाई दाबली, आकडा पाडला, जखम भरणंही अडवलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

जखम आणखी खोल उघडून पाहिली तर आत पू होता. तो हाडापर्यंत गेलाय का, हे ऑपरेशन केल्यावरच कळणार होतं. मी बाहेर बाकावर ताईंना नाही नाही ते बोलले. त्या सुजलेले हात पदराखाली झाकून बसल्या होत्या.

पाय वाचला. हाडाचा एक तुकडा काढावा लागला, पाय आखूड झाला, हे लंगडतात. ताई गोळ्या घेतात, मशीन पुन्हा चालू आहे.

पण परवा ह्यांनी ताईंकडे पाणी मागितलं. त्या पेला भरून स्वयंपाकघरात माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “देऊ का गं त्याला?”

माझ्याच्यानं हो म्हणवेना. मी नुसती रडत राहिले.